गायक कुमार आणि गीतकार कुमार

१९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळालेल्या कुमार गंधर्वांना उपेक्षित कसे म्हणावे, असे वाचक विचारतील. गायक कुमारांची उपेक्षा झाली नाही, हे खरे. परंतु स्वतः शब्द रचून, त्यांना चाल लावून गाणारे जे गीतकार कुमार, त्यांचे खाते आपण जवळजवळ कोरेच ठेवले आहे. त्याविषयी थोडेसे लिहितो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे, कानडी घरात. संगीताचे शिक्षण मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे झाले. ऐन उमेदीत क्षयाने गाठले आणि हवापालटासाठी १९४८ साली ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पुढची काही वर्षे त्यांना केवळ ऐकता येत होते.

त्या काळात त्यांच्या कानांवर पडली ती माळव्यातील बायकांची लग्नातली, सणावारांची गाणी आणि फिरत्या साधूंची निर्गुणी भजने. लोकगीताची धून बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते. अशा धुनांचा अभ्यास करून, त्यांत दडलेले राग त्यांनी उलगडले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांपैकी काही नावे. त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत. नवा राग म्हटला की त्याला नवी बंदिश हवी. ती त्यांनी स्वतःच लिहिली, आणि अनेकदा माळवी बोलीत. या रचना 'अनुपरागविलास' या ग्रंथात १९६५ साली स्वरलिपीसह प्रसिद्ध झाल्या.

मैफलीत आपण ताना मोजतो, शब्द कोणाचे हे विचारत नाही. बंदिश म्हणजे परंपरेने आलेली, निनावी, अशी आपली समजूत असते. म्हणूनच हा गीतकार झाकला गेला असावा.

मला हा विषय जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. आमचे घर कानडी, माझी शाळा मराठी, आणि वडिलांच्या नोकरीमुळे सुट्ट्या जातात उज्जैनला. देवास तेथून सुमारे चाळीस किलोमीटर. उज्जैनच्या भाजीबाजारात माळवी कानांवर पडते. समजते, पण बोलायला जीभ रेटत नाही. 'तुझी खरी भाषा कोणती?' हा प्रश्न मला सीमेवर आणि तिकडेही विचारला जातो. आपल्या भागात तर या प्रश्नावरून माणसे भांडतात. कुमारांनी परक्या मुलखाची बोली आधी वर्षानुवर्षे ऐकली, मगच तीत लिहिले. भाषेवर हक्क सांगण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच ते निवर्तले. पुढच्या वेळी त्यांची ध्वनिमुद्रिका लावाल तेव्हा स्थायी-अंतऱ्याचे शब्द एकदा कागदावर उतरवून पाहा, आणि ते कोणी लिहिले तेही विचारा.