ग्राफिक्सच्या आज्ञांचा दुभाषा : एक प्रोग्राम, अनेक संगणक

समजा, एका तरुणाने फर्निचरच्या व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम तयार केला. पडद्यावर कपाट चारही बाजूंनी फिरवून दाखवता येते, सनमायकाचा रंग बदलता येतो. विंडोजवर तो उत्तम चालतो. पहिली दोन गिऱ्हाईके खूश झाली. तिसऱ्याकडे मात्र लिनक्स निघाले आणि चौथ्याकडे मॅक. आता काय करायचे? सगळा प्रोग्राम पुन्हा लिहायचा, गिऱ्हाईक सोडायचे, की मध्ये दुभाषा बसवायचा? संगणकाच्या धंद्यात उतरणाऱ्या अनेकांपुढे हा प्रश्न येतो. म्हणून या दुभाष्याचे काम समजून घेऊ.

भाषा वेगवेगळ्या का?

प्रोग्राम ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. 'हा त्रिकोण काढ', 'त्यावर हे चित्र चिकटव' अशा ठरलेल्या आज्ञा तो देतो. कार्डाचा ड्रायव्हर त्या कार्डाला समजतील अशा रूपात पुढे पोहोचवतो. आज्ञांच्या या ठरलेल्या संचाला ग्राफिक्स एपीआय म्हणतात.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९२ साली ओपनजीएल आणले. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली विंडोजसाठी डायरेक्ट थ्रीडी काढले. ॲपलने २०१४ साली मेटल आणले. २०१६ साली क्रोनोस ग्रुप या संघटनेने व्हल्कन जाहीर केले. ते विंडोज, लिनक्स व अँड्रॉइडवर चालते, पण ॲपलने ते स्वीकारले नाही. उलट २०१८ साली ॲपलने ओपनजीएलही कालबाह्य ठरवले. थोडक्यात, सर्वांची मिळून एक भाषा नाही.

दुभाष्याची चार कामे

१) आज्ञा बदलणे. दुभाषा स्वतःच डायरेक्ट थ्रीडी असल्यासारखा उभा राहतो. प्रोग्राम त्याला आज्ञा देतो आणि तो त्या व्हल्कनमध्ये सांगतो. पण एका आज्ञेला एक आज्ञा असा सरळ हिशोब नसतो. डायरेक्ट थ्रीडी ११ मध्ये कार्डाच्या मेमरीची व कामाच्या क्रमाची बरीचशी काळजी ड्रायव्हर घेतो. व्हल्कनमध्ये ती प्रोग्रामने घ्यायची असते. ही सारी वही दुभाष्याला स्वतः लिहावी लागते.

२) शेडर बदलणे. रंग, उजेड व आकार ठरवणारे छोटे प्रोग्राम कार्डावरच चालतात. त्यांना शेडर म्हणतात. त्यांचीही भाषा प्रत्येक ठिकाणी वेगळी. व्हल्कनला ते स्पर-व्ही या रूपात लागतात, मेटलला मेटलच्या शेडर भाषेत.

३) मोजमाप बदलणे. वस्तू किती खोल आहे हे ओपनजीएल सर्वसाधारणपणे −१ ते १ या आकड्यांत सांगते. डायरेक्ट थ्रीडी, मेटल व व्हल्कन ० ते १ मध्ये सांगतात. म्हणून आकड्यात १ मिळवून २ ने भागावे लागते. −१ चे ० होते, ० चे ०.५ होते, १ चा १ राहतो. हे विसरले तर ० पेक्षा लहान आकड्यांचा, म्हणजे डोळ्याजवळचा भाग कापला जातो आणि कपाटाचे दार गायब होते. शिवाय व्हल्कनमध्ये उभा अक्ष खालच्या दिशेने वाढतो. तो उलटवला नाही तर चित्र डोक्यावर उभे राहते.

४) नसलेली सोय भरून काढणे. मेटलमध्ये जॉमेट्री शेडर नाही. जुना प्रोग्राम ते मागत असेल तर तेच काम आडमार्गाने करून द्यावे लागते. येथेच दुभाष्याची खरी परीक्षा होते.

नावाजलेले दुभाषे

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाईन प्रकल्प १९९३ सालचा. डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कन करणारा डीएक्सव्हीके २०१८ साली आला. त्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने या दोघांच्या आधारावर प्रोटॉन काढले. २०२२ साली विक्रीस आलेल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर विंडोजचे खेळ चालतात ते त्याच्याच जोरावर. व्हल्कनचे मेटल करणारा मोल्टनव्हीके २०१८ साली सर्वांसाठी खुला झाला. गुगलचा अँगल २०१० पासून आहे. क्रोम ब्राउझरमधील वेबजीएलची चित्रे त्याच्यामार्फत दिसतात.

किंमत किती पडते?

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका खेळात दर चित्राला ५,००० आज्ञा जातात आणि प्रोसेसरला १४ मिलिसेकंद लागतात असे धरू. दुभाष्याने दर आज्ञेला एक मायक्रोसेकंद जादा घेतला तर ५ मिलिसेकंद वाढले. एकूण १९ झाले. चित्रे ६० वरून सुमारे ५३ वर आली. पण आपल्या कपाटाला २०० आज्ञाच लागत असतील, तर वाढ फक्त ०.२ मिलिसेकंदांची. ती कोणाला जाणवणारही नाही.

दुसरा खर्च अडखळण्याचा. नवा शेडर पहिल्यांदा समोर आला की त्याचे रूपांतर होईपर्यंत चित्र क्षणभर थांबते. एक उपाय : शेडर आधीच तयार करून साठवून ठेवणे.

मग तरुणाने काय करावे?

लिनक्सच्या गिऱ्हाईकासाठी वाईन व डीएक्सव्हीके वापरून पाहावे. बहुधा पुन्हा लिहिण्याची गरज पडणार नाही. मॅकवर मात्र डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कन आणि व्हल्कनचे मेटल असे दोन दुभाषे एकापुढे एक बसवावे लागू शकतात आणि सोयी अपुऱ्या पडू शकतात. तेथे चित्राचा भाग वेबजीएलमध्ये नव्याने लिहिणे शहाणपणाचे. मग तोच प्रोग्राम ब्राउझरमधून तिन्ही ठिकाणी चालेल.

पुढच्या कामासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ग्राफिक्सच्या आज्ञा साऱ्या प्रोग्रामभर न विखुरता एकाच जागी ठेवाव्यात, म्हणजे बदलायची वेळ आली तर तेवढाच भाग बदलेल. दुभाषा मोफत असला तरी त्याचा परवाना वाचावा. वाईनचा परवाना एलजीपीएल आहे, मोल्टनव्हीकेचा अपाची. दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत. आणि गिऱ्हाईकाच्याच यंत्रावर, त्याच्याच कार्डावर प्रोग्राम चालवून पाहिल्याशिवाय 'चालेल' असा शब्द देऊ नये, आगाऊ रक्कमही घेऊ नये. प्रोग्राम दुरुस्त करता येतो. व्यापारात गेलेला शब्द परत आणणे कठीण.