आधी सगळं सैल कर

अगं, स्नोमोबाइलचं मागचं सस्पेन्शन घरच्या गॅरेजमध्येच बसवायचं ठरवलंयस ना, मग बसवच. फक्त एकटीने नको. मैत्रिणीला बोलाव, नाहीतर शेजारी विचार. स्नोमोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची. तुमच्या उत्तर मिनेसोटात हे काम केलेलं माणूस दोन घरं सोडून सापडतंच.

काढलं तसंच उलट्या क्रमाने बसवायचं, असं वाटेल. पण ट्रॅकच्या पोटात सस्पेन्शनचा अख्खा सांगाडा शिरवायचा असतो आणि ट्रॅक जागाच देत नाही. इथेच माणसं चिडतात, ठोकाठोकी करतात. तू आधी सगळं सैल कर. मागच्या अॅक्सलचा बोल्ट ढिला, ट्रॅक ताणायचे दोन्ही स्क्रू ढिले, मागची चाकं पुढे सरकतील तेवढी पुढे. टॉर्शन स्प्रिंगांची टोकंही ठोकळ्यांवरून उतरवलेलीच राहू देत. ती शेवटी चढवायची, तीही त्यासाठी मिळणाऱ्या हत्यारानेच. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाऊ नकोस गं, निसटली तर बोट मोडेल. डोळ्यांना चष्मा हवाच.

गाडी कुशीवर घेणार असशील तर टाकीतलं पेट्रोल आधी काढ आणि खाली जाड पुठ्ठा घाल. सांगाडा बाहेर आहे तोवर प्रत्येक चाक हाताने फिरवून बघ. खरखर लागली तर बेअरिंग आत्ताच बदल. बुश झिजलेत का तेही बघ. शाफ्ट पुसून ग्रीस लाव, कडक थंडीत न थिजणारं.

आता सांगाडा टनेलला, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या छताला, धरणारे चार बोल्ट. पुढच्या आर्मपासून सुरुवात कर. टनेलच्या भोकातून टॉर्च मारलास की आत शाफ्टचं तोंड दिसतं, पण बहुतेक वेळा ते अर्ध्या चंद्रासारखं, भोकाच्या एका कडेला. मैत्रिणीला दांडीने सांगाडा किंचित उचलायला सांग. पूर्ण गोल समोर आला की बोल्ट बोटांनी फिरव. पहिले चार-पाच आटे बोटांनीच जायला हवेत. अडला तर बाहेर काढ, पुन्हा लाव. इम्पॅक्ट गन तेवढ्यापुरती दुसऱ्या खोलीत ठेव. बोल्ट तिरपा घुसला की शाफ्टचे आटे गेलेच म्हणून समज. मागचा आर्म भोकापर्यंत येत नसेल तर सांगाडा रॅचेटच्या पट्ट्याने दाबून घे. चारही बोल्ट हाताने लागेपर्यंत एकही आवळायचा नाही. मग टॉर्क रेंच, आणि आकडा तुझ्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही.

स्प्रिंगा चढवल्यावर ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे मोजून लाव. मागची बाजू भक्कम स्टँडवर घेऊन ट्रॅक हळू फिरव. सांगाड्याच्या दोन्ही रुळांपासून ट्रॅकच्या क्लिपा सारख्या अंतरावर चालल्या पाहिजेत. त्या वेळी मागे कुणी उभं नको, पोरं तर गॅरेजमध्येच नकोत. आणि हे थोडक्यात उरक. रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बर्फावरच थंड राहतात, कोरड्यात तापून वितळतात.

पहिली फेरी घराजवळच मार. परत आलीस की चहाच्याही आधी चारही बोल्टना पुन्हा टॉर्क रेंच लाव आणि ट्रॅकचा ताणही परत मोज.