फोर बाय फोर पिकअप रोजच्या वापराला घ्यायची का? बुकिंगआधी हे वाचा



टोमॅटोचे पैसे हातात आले की आपल्याकडे एक विषय हमखास निघतो, गाडीचा. यंदा बऱ्याच जणांनी, त्यातही तरुण मंडळींनी, एकच प्रश्न विचारलाय. "घरी एक कार, मालाला एक पिकअप असं दोन-दोन कशाला? एकच डबल केबिन फोर बाय फोर घेतो. मळ्यात जाईल, पिंपळगावला मार्केटला जाईल, पोरांना शाळेत सोडेल, लग्नालाही शोभेल."

प्रश्न चुकीचा नाही. पण त्यात चार वेगवेगळ्या गाड्यांची कामं एका गाडीवर टाकलीत. मेसेज मोठा आहे, सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. आणि घरात ज्याला बुकिंगची घाई झालीय त्याला आधी वाचायला द्या.

*आधी वजनाचं बघू*

बाजारात डबल केबिन फोर बाय फोर म्हणून ज्या गाड्या आहेत त्यांच्या दोन जाती आहेत, आणि सगळा घोळ इथंच होतो.

एक जात इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सची. व्ही-क्रॉसला १.९ लिटरचं डिझेल इंजिन, ताकद १६३ पीएस. हायलक्सला २.८ लिटरचं, २०४ पीएस. दोन्ही साधारण ५.३ मीटर लांब. आतून कारसारख्या, हायवेला मस्त पळतात, एसी-स्क्रीन सगळं आहे. दुसरी जात महिंद्रा बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धाच्या क्रू केबिनची. या मूळच्या मालवाहू गाड्या, त्यात मागं माणसं बसायची सोय केलेली. यांच्यातही फोर व्हील ड्राइव्ह प्रकार येतो, पण तो सगळ्या डीलरकडे उभा नसतो, आधी विचारून घ्या.

आता गंमत बघा. दिसायला पहिली जात दांडगी. पण माल वाहायचं म्हटलं की कॅम्परचा हौदा साधारण एक टनासाठी बनवलेला, आणि पहिल्या जातीची वाहनक्षमता त्याच्या निम्म्याच्याही आत बसते. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधी नसतो. तो तुम्ही स्वतः काढायचा. ब्रोशरमध्ये किंवा आरसीवर दोन वजनं असतात, एक गाडीचं रिकामं वजन आणि दुसरं एकूण भरलेलं वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं ते तुमचं. आणि त्यात फक्त माल नाही, ड्रायव्हरसकट आत बसलेली माणसंही धरायची.

हिशोब करून बघू. समजा एकूण वजन २,९०० किलो, रिकामं २,४५० किलो. उरले ४५० किलो. घरची पाच माणसं बसली, सरासरी ६५ किलो धरलं तरी ३२५ गेले. राहिले १२५. टोमॅटोचा भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासकट २२ किलो धरा. म्हणजे पाच क्रेट! एकटा ड्रायव्हर गेला तरी १७ क्रेट. त्याच जागी एक टनाच्या गाडीत ४५ क्रेट बसतात.

"आपण कुठं वजन करून भरतो, शंभर क्रेट टाकू की," असं म्हणणारे आपल्यातच आहेत. जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पण दंडापेक्षा मोठा धोका ब्रेकचा. सावळ घाट उतरताना भरलेली गाडी किती लांब जाऊन थांबते ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायची गरज नाही. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी आधी वजनाची पावती मागते.

शोरूमला जाताना एक काम करा. मेजर टेप घ्या आणि तुमचा एक रिकामा क्रेट सोबत न्या. सेल्समन हसेल, हसू द्या. डबल केबिनचा हौदा दीड मीटरच्या आसपास लांब असतो आणि चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात. एका थरात किती क्रेट बसतात ते मांडून बघा. बहुतेकांचा अंदाज तिथंच चुकतो.

*फोर बाय फोर म्हणजे काय, आणि काय नाही*

या पिकअपमध्ये बहुतेक पार्ट टाइम फोर बाय फोर असतो. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, ते २एच. चिखल-रेतीत ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद. आणि अगदी फसल्यावर, चढाला किंवा तीव्र उतारावर हळू उतरायला ४एल. ४एच साधारणपणे हळू चालत्या गाडीतही टाकता येतो, ४एल टाकताना गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते एकदा वाचा, ते पुस्तक डिकीत कोरं पडून राहतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कोरड्या डांबरीवर ४एच लावून चालवायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. डांबरीवर घसरायला जागा नाही, मग तो ताण गिअरच्या खोक्यावर आणि शाफ्टवर येतो. गाडी वळताना अडल्यासारखी होते, टायर घासतात, आणि २एचला परत यायला लिव्हर अडून बसतो. "चार चाकं लावली की हायवेला पकड जास्त" हा समज डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट टायरची. आपली काळी माती पावसात टायरच्या खाचांत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो, मग दोन काय आणि चार काय, सगळी जागेवर फिरतात. नवीन गाडीसोबत रस्त्याचे टायर आले असतील तर काळ्या रानात फोर बाय फोरचा अर्धा फायदा गेला समजा. ऑल टेरेन टायर, हवा भरायचा छोटा पंप, एक फावडं आणि चांगला टोइंग पट्टा, एवढं गाडीत हवंच. फसल्यावर टायरची हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड येते. डांबरीवर आलात की लगेच परत भरा.

तिसरी गोष्ट डिफरेन्शियल लॉकची. चार चाकं असली तरी साध्या डिफरेन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ताकद पळते. पुढचं एक आणि मागचं एक चाक चिखलात गेलं की गाडी उभी. मागच्या ॲक्सलला लॉक असेल तर दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते. हायलक्सला हा लॉक आहे. बाकी गाड्यांत कोणत्या व्हेरिएंटला आहे ते डीलरकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि ओढ्याला पूर असेल तर कोणतीही फोर बाय फोर घालू नका. दोन फूट वाहतं पाणी पिकअपलाही बाजूला सारतं. गाडी जड असली तरी ती पाण्यावर उचलली जाते.

*तुम्हाला खरंच लागते का?*

वहीत वर्षाचा हिशोब मांडा. आपल्या भागात टोमॅटोचा तोडा ऑगस्टपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. त्यातले पावसाचे आणि ओल्या रस्त्याचे दिवस किती? द्राक्षाची काढणी जानेवारी ते एप्रिल, तेव्हा पाणंद रस्ता कडक वाळलेला असतो, साधी पिकअप सहज जाते. म्हणजे बागाईतदाराला फोर बाय फोर लागते ती वर्षातले मोजके आठवडे. तेवढ्यासाठी प्लॉटपासून डांबरीपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पुढं साधी टू व्हील ड्राइव्ह पिकअप, हे गणित बऱ्याच घरांना स्वस्त पडतं. पाणंद मजबुतीकरणासाठी सरकारी योजनेतून ग्रामपंचायतीकडे प्रस्ताव देता येतो. चार शेजाऱ्यांनी मिळून तो रस्ता करून घेतला तर चारही घरांचा गाडीचा प्रश्न हलका होतो.

पण काही घरांना ती खरोखर लागते, हेही तितकंच खरं. ज्यांची वस्ती मळ्यात आहे, गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, मधे चढ आणि ओली माती. पेठ-सुरगाण्याकडच्या उताराच्या वस्त्या. रोज पहाटे दूध डेअरीला घालावं लागतं अशी घरं. आणि जिथं पावसाळ्यात रात्री बाळंतीण किंवा म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायची वेळ येते आणि ॲम्ब्युलन्स डांबरीवरच थांबते. अशा घरात पावसाचे चार महिने ही गाडी चैन नाही. तिथं क्रेटचा हिशोब मागं ठेवा आणि आत बसायची सोय, एअरबॅग, सीटबेल्ट आधी बघा.

रोजच्या वापराचं म्हणाल तर दोन-तीन गोष्टी टेस्ट ड्राइव्हलाच कळतात. मागं पाट्यांची स्प्रिंग असल्यानं रिकामी गाडी उडते, थोडं वजन पडलं की बसते. अर्धा हौदा द्राक्ष भरून खड्ड्यातून नेलीत तर मणी गळतात, खाली गादी आणि वर घट्ट बांधणी हवी. मागच्या सीटची पाठ ताठ असते, नाशिकपर्यंत ठीक, लांबच्या प्रवासाला आजी-आजोबा कुरकुर करतील. त्यांना सोबत घेऊन जा, चढता-उतरता येतं का बघा. पाच मीटरच्या वर लांबी म्हणजे चार मीटरच्या आतल्या बोलेरोपेक्षा सव्वा मीटरहून जास्त. नाशिकच्या गल्लीत आणि स्वतःच्या वाड्याच्या दारातून ती वळते का, हे घरी आणूनच बघा.

अजून एक, बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. जे लोक रोज घर ते मळा, मळा ते डेअरी असं दोन-दोन किलोमीटरच चालवतात त्यांची जाळी भरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि नंतर खर्च निघतो. आठवड्यातून एकदा हायवेला वीस-पंचवीस मिनिटं चालवा. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका.

*कागद*

गाडी खासगी नोंद होणार की मालवाहू, हे बुकिंगआधी विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. खासगी नोंद १५ वर्षांची. मालवाहू नोंदीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस. ३,००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. लायसन्सची काळजी नको, ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय.

खासगी नोंदीच्या गाडीतून शेजाऱ्याचा माल भाड्यानं नेऊ नका. विमा तसा काढलेला नसतो. आणि हौद्यात मजूर बसवू नका. तोड्याला बाया न्यायच्या म्हणून आपण सर्रास बसवतो. हौद्यातल्या माणसाला विमा नाही, सीटबेल्ट नाही, आणि काही झालं तर त्या घराला भरपाई तुमच्या जमिनीतून द्यावी लागू शकते.

*पैसे*

हायलक्स २०२२ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमतच जवळपास ३४ लाखांपासून होती. आजची किंमत कोटेशनमध्ये बघा, ऑन-रोड बघा. समजा २० लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे ४२,५०० रुपये. वर्षाला ५ लाख १० हजार. भाव पडलेल्या वर्षीही तेवढेच. तुमच्या गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या काढा, त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या, आणि त्या वर्षी हा हप्ता निघाला असता का ते बघा. निघत असेल तर पुढं जा. बँकेला सहामाही हप्ता मागा, पीक दर महिन्याला येत नाही.

जुनी बघत असाल तर टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे स्वस्तात दिसतील, दोन्ही आता आपल्याकडे नव्या मिळत नाहीत. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक, विमा, फिटनेस आणि बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चालवून बघताना मातीवर नेऊन ४एच आणि ४एल दोन्ही टाकून बघा, नुसता दिवा लागून उपयोग नाही, पुढची चाकं ओढतायत का बघा. खाली वाकून चॅसीचा गंज आणि डिफरेन्शियलमधून तेल गळतंय का तेही पाहा. गाडी घेतल्यावर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर ४एच चालवा, पुढच्या भागातलं तेल फिरतं राहतं.

ज्यांचं गाडीचं नक्की होत आलंय त्यांनी कोटेशन आणि आरसीचा फोटो या नंबरवर पाठवा. वजनाचा, नोंदीचा आणि हप्त्याचा हिशोब ऑफिसमध्ये बसून एकत्र करू. येताना गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या आणा.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी