प्राणिचित्रकार होऊ पाहणाऱ्या भाचीस



प्राण्यांची चित्रे रंगवणे आणि त्यांची छायाचित्रे टिपणे हा पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून पत्करायचा म्हटले, की सामान्यतः दोन वेगवेगळे प्रश्न पुढे ठेवले जातात: चित्र हुबेहूब कसे साधावे हा कौशल्याचा, आणि प्राण्याला त्रास न देता ते कसे मिळवावे हा नीतीचा. पहिल्याचे उत्तर कलाशाळेत शोधले जाते, दुसऱ्याचे उत्तर अभयारण्याच्या फाटकावरील फलकावर लिहिलेले असते आणि ते वाचायला फारसे कोणी थांबत नाही. प्रस्तुत पत्राचे म्हणणे एवढेच, की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. भ्यालेल्या, अवघडलेल्या किंवा हुसकलेल्या जनावराचे चित्र हे त्या जनावराचे नसून त्याच्या भीतीचे असते, आणि पाहणाऱ्याला ते कितीही देखणे वाटले तरी वस्तुस्थितीच्या कसोटीवर ते चुकलेलेच असते.

न पाहता काढलेल्या चित्राचे काय होते, याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गोव्याशी जोडलेले आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता. तो गोव्याहून जहाजावर चढवून लिस्बनला धाडण्यात आला आणि मे १५१५ मध्ये तेथे पोहोचला. युरोपातील माणसांनी रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याची वार्ता पत्रांतून सर्वत्र पसरली. न्यूरेंबर्गचा थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने त्याच वर्षी एका पत्रातील वर्णन आणि कोणा अनामिकाचे रेखाटन समोर ठेवून त्याचे काष्ठमुद्राचित्र केले. काष्ठमुद्राचित्र म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून, शाई लावून छापलेले चित्र, ज्याच्या पुष्कळ प्रती निघू शकतात. ड्यूररच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, आणि खांद्यांच्या मधोमध एक लहानसे, पिळाचे, दुसरे शिंग उगवलेले आहे, जे कोणत्याही गेंड्याला कधीही नव्हते. खुद्द तो गेंडा पुढे पोपकडे नजराणा म्हणून नेला जात असता इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज फुटून बुडाला, पण त्याचे खोटे शिंग बुडाले नाही. दोन शतकांहून अधिक काळ ग्रंथाग्रंथांतून ते उतरवले गेले. क्लारा नावाची भारतातून नेलेली गेंड्याची मादी १७४१ नंतर युरोपभर फिरवली गेली आणि झां-बातीस्त उद्री या फ्रेंच चित्रकाराने १७४९ मध्ये तिला समोर पाहून रंगवले, तेव्हा कुठे त्या शिंगाची सद्दी ओसरू लागली. ड्यूररच्या रेषेत दोष नव्हता. तशी रेषा आजही कोणाला साधणे कठीण आहे. दोष एवढाच, की रेषा आणि जनावर यांच्यामध्ये तिसऱ्याचे सांगणे होते. आज तेच काम मोबाईलवर सापडणारी दुसऱ्याची छायाचित्रे करतात.

याच्या उलट बाजूला जहांगीर बादशहाच्या पदरचा उस्ताद मन्सूर ठेवावा. १६२१ साली बादशहाला एक झेब्रा नजर करण्यात आला, तेव्हा कोणी घोड्यावर रंगाने पट्टे ओढले असावेत असा संशय अनेकांना आला आणि खात्री करून घेतल्यावरच तो फिटला, असे जहांगिराच्या आठवणींत नमूद आहे. मन्सूरने रंगवलेला तो झेब्रा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या जनावराच्या खरेपणाविषयीच शंका घेतली गेली, त्याच्या पोटाकडे, पायांवर आणि चेहऱ्यावर पट्टे कसे वळतात हे त्या चित्रकाराने शांतपणे पाहून घेतले होते.

पाहणे म्हणजे केवळ कातडी पाहणे नव्हे. इंग्लंडच्या जॉर्ज स्टब्ज याने लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यात १७५६ पासून सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे कप्पीने टांगून, थर सोलत सोलत, स्नायूंपासून हाडांपर्यंत त्यांची रेखाटने केली आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मागे काहीही न रंगवता एकटा उभा केलेला, जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचा ‘व्हिसलजॅकेट’ हा त्याचा घोडा त्या दुर्गंधीतूनच निघालेला आहे. भाचीने प्रेते टांगावीत असे कोणी म्हणणार नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील सांगाडे त्यासाठी पुरेसे आहेत. परंतु सांगाडा पाहिल्यावाचून कुत्र्याचा मागचा पाय कधीच नीट येत नाही, कारण त्या पायात उलट वाकलेला जो सांधा गुडघा म्हणून काढला जातो, तो वस्तुतः कुत्र्याची टाच असते. कुत्रा बोटांवर चालतो, त्याचा खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि तो माणसाच्या गुडघ्यासारखा पुढेच वाकतो. डोळ्यांचेही तसेच आहे. घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी बारीक होते, शेळीची बाहुली आडवी असते, पण वाघाची आणि बिबट्याची बाहुली गोलच राहते. वाघ हे मोठे मांजरच, असे मनात धरून ज्यांनी वाघाच्या डोळ्यांत उभी चीर ओढली, त्यांनी ड्यूररचे शिंगच पुन्हा काढले.

डोळादेखील फसतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. धावता घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फेकून हवेत तरंगतो, असे शतकानुशतके रंगवले गेले. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रमालिकेत मात्र असे दिसले, की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणून कुंचला आणि कॅमेरा यांत श्रेष्ठ कोण हा वाद फुकटचा आहे. कॅमेऱ्याने क्षण धरावा, कुंचल्याने क्षणांमधून स्वभाव निवडावा, आणि एकाने दुसऱ्याची चूक दाखवून द्यावी.

पाळीव प्राण्यांच्या कामात सर्वांत मोठी अडचण प्राण्याची नसून घरच्या माणसांची असते. त्यांना घाई असते, आणि कुत्रा ‘हसतो’ आहे अशी त्यांची समजूत असते. तोंडाचे कोपरे मागे ओढून धापा टाकणारा कुत्रा पुष्कळदा ताणाखाली असतो. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, पुढे खाणे नसताना चाटलेले ओठ, कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग, डोक्याला चिकटलेले कान आणि पोटाखाली गेलेली शेपूट ही त्याच्या नकाराची भाषा आहे. ती वाचता येत नसेल तर भिंग कितीही महागाचे असले तरी उपयोग नाही. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीबाहेर काढूच नये. जमिनीवर बसावे, कुत्र्याकडे रोखून पाहू नये, त्याला येऊन हुंगू द्यावे आणि मग त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घ्यावे. वाढदिवसाला कुत्र्याला फेटा बांधून बसवण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिला नम्रपणे नकार देता आला पाहिजे; फेट्याखाली कान दिसत नाहीत, आणि कानांवाचून अर्धा कुत्रा नाहीसा होतो.

यंत्राच्या बाबतीत थोडक्यात सांगण्याजोगे तीनच मुद्दे आहेत. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरून चालतो, म्हणून काळा कुत्रा राखाडी येतो आणि पांढरे मांजर मळकट. काळ्यासाठी प्रकाश थोडा कमी आणि पांढऱ्यासाठी थोडा अधिक द्यावा लागतो. रुंद कोनाचे भिंग जवळून वापरले की नाक फुगते, आणि सोलापूर-लातूरकडच्या कारवानीसारख्या लांब, निमुळत्या तोंडाच्या कुत्र्याचा तर त्यात विदूषक होतो. फ्लॅश टाळावा, कारण कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, ज्यामुळे त्यांना अंधारात दिसते आणि ज्यामुळेच फ्लॅशच्या चित्रात त्यांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात.

रानात गेल्यावर नाते उलटे होते. घरच्या कुत्र्याने चित्रकाराला ओळखावे लागते; रानातल्या जनावराने शक्यतो त्याची दखलच घेऊ नये. यासाठी वाघापेक्षा टिटवीपासून सुरुवात करणे बरे. टिटवी माळावर, उघड्या जमिनीवर, चार खडे सारून केलेल्या खळग्यात अंडी घालते. बहुधा चार, मातकट, काळ्या डागांची, खड्यांत मिसळून जाणारी. उन्हाळ्यात ती अंड्यांवर बसते वा उभी राहते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी, आणि जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. माणूस जवळ आला की ती उडून डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागते, आणि तिच्या ओरडण्याला अपशकुन मानणाऱ्या माणसांना हे कळत नाही, की अपशकुन तिच्यासाठी असतो. त्या वेळी घेतलेले पंख पसरलेल्या टिटवीचे चित्र अतिशय नाट्यमय येते. मात्र ते टिपले जात असताना वैशाखाच्या उन्हात अंडी उघडी पडलेली असतात, आणि कावळा ते दुरून पाहत असतो. चित्राखाली ‘उड्डाण’ असे लिहिले जाते. खरे नाव ‘हुसकावणी’ असते. तीच टिटवी दूर बसून, दुर्बिणीतून, तासभर पाहिली तर ती ओली होऊन परतताना, पिसे फुलवून अंड्यांवर सावकाश टेकताना दिसते, आणि हे चित्र फार थोड्या जणांजवळ आहे.

कायदाही येथे काटेकोर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत केवळ मारणे नव्हे, तर वन्य प्राण्याला हाकारणे, आमिष दाखवणे आणि पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी यांना व्यत्यय आणणे हेही येते. घुबडापुढे उंदीर टाकून त्याची झेप टिपणाऱ्या हौशी माणसाला आपण शिकारी ठरू शकतो, याची कल्पनाही नसते. व्याघ्र प्रकल्पात एका वाघिणीभोवती दहा-बारा जिप्सी गाड्या कोंडाळे करतात, तेव्हा मिळणारे चित्र सर्वांकडे सारखेच असते: रस्ता शोधणारे, मान वळवलेले जनावर. अशा वेळी चालकाला गाडी मागे घ्यायला सांगणारी भाची मामाला अधिक आवडेल, मग तिच्या हाती केवळ वानराने दिलेला इशाऱ्याचा आवाज आणि हलणारे गवत आले तरी हरकत नाही.

छायाचित्राला चित्रापलीकडेही काम असते. संयुक्त प्रांतात वन अधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून, जनावराचाच पाय लागून कॅमेरा चालेल अशी योजना करून रात्रीच्या वाघांची छायाचित्रे घेतली आणि १९२७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, हे अशा चित्रांतून स्पष्ट होत गेले आणि पुढे कॅमेरा-सापळ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत त्याच आधारावर उभी राहिली. म्हणून वाघ रंगवताना पट्टे ‘साधारण असे’ ओढू नयेत. कोणत्या तरी एका वाघाचे, त्याच बाजूचे पट्टे रंगवावेत.

व्यवहाराची बाब कोरडी असली तरी टाळू नये. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. तेव्हा प्रदर्शनात मांडण्याची परवानगी काम घेतानाच लेखी घ्यावी. मेलेल्या कुत्र्याचे चित्र करून मागणारे पुष्कळ येतील, आणि त्यांच्याजवळ एखादेच धूसर छायाचित्र असेल. त्यांना आधी बोलू द्यावे: कोणता कान पडलेला असे, दारात कोणत्या बाजूला बसे, मोठ्या आवाजाला घाबरत असे की नाही. कोणी पिंजऱ्यातल्या देशी पोपटाचे चित्र मागितले, तर तो पाळणे कायद्याने मना आहे हे सांगून काम नाकारावे, गिऱ्हाईक रागावले तरी.

आणि कुंचल्यांचा डबा एकदा उलटा करून पाहावा. मुंगसाच्या केसांचे कुंचले आजही छुप्या मार्गाने विकले जातात. मुंगूस संरक्षित प्राणी आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, आणि ते केस मुंगूस मारूनच मिळवले जातात. टोकाकडे गडद, मध्ये फिकट, पुन्हा गडद असा पट्टा केसांवर दिसला, तर तो कुंचला वापरात ठेवू नये. नायलॉनचे कुंचले रंग थोडा कमी धरतात. हाताला महिनाभरात सवय होते.

पत्रासोबत परत पाठवलेल्या कारवानीच्या रेखाटनात मान उत्तम उतरली आहे. डाव्या मागच्या पायाची टाच मात्र बोटभर खाली आली आहे, त्यामुळे कुत्रा उभा न वाटता बसू लागलेला वाटतो. तो पाय पुसून पुन्हा काढावा. कुत्रा समोर असताना.

कळावे,
मामा