शाळा आणि घर



शाळा खालावली म्हणजे नेमके काय खालावते? भिंतीस तडा गेला तर गवंडी बोलावता येतो. परंतु मुलांचे मन उडाले, शिक्षकांची उमेद खचली आणि गावाने पाठ फिरविली, तर तो तडा कोणी सांधावा? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शिरूर तालुक्यात मिळते.

शिक्रापूरजवळील वाबळेवाडी ही एक लहानशी वस्ती. 2012 साली श्री. दत्तात्रय वारे हे शिक्षक तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा पटावर अवघी 32 मुले होती व खोल्या दोन. गुरुजींनी प्रथम इमारतीस हात घातला नाही. त्यांनी माणसे जोडली. गावकऱ्यांचा विश्वास बसला, तेव्हा त्यांनीच शाळेसाठी जमीन दिली, श्रम दिले, पैसा उभा केला. काही वर्षांत प्रवेशासाठी दूरदूरचे पालक खेटे घालू लागले.

पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथे गेले. तेथे पट इतका घटला होता की शाळा बंद पडण्याची पाळी आली होती. ग्रामस्थांच्या साह्याने तीही सावरली, आणि 2025 साली जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकांच्या मतांनी दिले जाणारे पारितोषिक मिळाले. एकदा घडले ते दैव म्हणता येईल. दुसऱ्यांदा घडले, त्यामागे काही रीत असली पाहिजे.

ती रीत कोणती? पहिली गोष्ट, ‘विषयमित्र’. ज्यास एखादा विषय चांगला येतो, त्याने तो इतरांस शिकवावयाचा. शिकविणाऱ्यास आपले ज्ञान आधी नीट लावून घ्यावे लागते. यास्तव लाभ दोघांसही होतो. दुसरी गोष्ट, रोजचे वळण. शिस्त फलकावर लिहून येत नाही; थोरांनी रोज पाळलेली चाल लहान मुले आपोआप उचलतात. तिसरी व मुख्य गोष्ट, घराचा सहभाग. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. परंतु सभेच्या वहीत सही केली म्हणजे सहभाग झाला, असे नव्हे.

येथे आम्हा शिक्षकांनीही एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही पालकांस बहुधा तक्रारीसाठीच बोलावतो. एकदा एक माउली आमच्यासमोर बसण्यासही कचरली, “गुरुजी, पोराने काय केले?” एवढेच तिने विचारले. मुलाने सुंदर निबंध लिहिला होता, हे सांगण्यास आम्ही तिला कधी बोलाविलेच नव्हते! त्या दिवसापासून चांगली वार्ता आधी कळवावी, असे आम्ही ठरविले.

“आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?” असे घोडकाठचे वा भीमाकाठचे पालक म्हणतात. पालकहो, कांद्याची पट्टी आल्यावर तिचा हिशेब मुलाकडून करून घ्या. दुधाच्या डेअरीची चिठ्ठी मुलीकडून वाचवून घ्या. ऊसतोडीच्या वा काढणीच्या दिवसांत मुलांची शाळा बुडू देऊ नका. रात्री जेवताना “आज काय शिकलास?” एवढे विचारा आणि उत्तर पुरते ऐका. यास अक्षरओळख लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

विद्यार्थ्यांनो, आता तुमचा स्वाध्याय:

1. या आठवड्यात एका सोबत्यास एक धडा समजावून द्या. तो कोठे अडला, ते लिहून ठेवा.
2. आईवडिलांपाशी बसून घरच्या एका महिन्याचा जमाखर्च मांडा.
3. आपल्या शाळेत कोणते एक चांगले वळण पडावे, ते पालकांस विचारा व उत्तर वर्गशिक्षकांस द्या.

ही उत्तरे आम्ही पुढील पालकसभेत वाचून दाखवू. त्या दिवशी आपल्या आईवडिलांस अवश्य सोबत आणा. तक्रार एकही होणार नाही.