गोड वासाची टाकी

अंबडच्या एमआयडीसीत जॉबवर्कच्या एका शेडमध्ये मी डीग्रीसिंगला लागलो. प्लेटिंगआधी जॉबवरचं ऑइल-ग्रीस काढायचं, एवढंच काम. त्यासाठी वापरायच्या द्रवाला सगळे ‘टीसीई’ म्हणायचे. त्याचं नाव ट्रायक्लोरोएथिलीन, हे मला तीन वर्षांनी कळलं.

टाकीच्या तळाशी हीटर. टीसीई 87 अंशांना उकळतं, वर वाफेचा थर धरतो. थंड जॉब जाळीतून सोडला की वाफ त्यावर निवून ठिबकते आणि ग्रीस सोबत नेते. टाकीच्या तोंडाशी थंड पाण्याची कॉइल असते, तिच्यामुळे वाफ आत राहते. भारनियमनाच्या दिवसांत लाइट गेली की पंप बंद पडायचा, टाकी मात्र तापलेलीच. वाफ काठावरून उतरून जमिनीलगत पसरायची, कारण ती हवेच्या साडेचार पट जड. आणि आम्ही तिथेच फरशीवर मांडी घालून डबा खायचो. दुपारी डोकं जड झालं की उन्हाला बोल लावायचो.

वास गोड, क्लोरोफॉर्मसारखा. एकेकाळी भूल द्यायलाही हे वापरत. आठवडाभरात नाकाला सवय होते, मग वास येत नाही. वाफ मात्र तेवढीच असते. एकदा पगाराच्या संध्याकाळी दोन घोट घेतले आणि चेहरा, मान लालबुंद झाली. दारू भेसळीची म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. टीसीई अंगात असताना दारू घेतली की असं होतं, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं.

मग गाळ काढायचा दिवस आला. टाकी रिकामी केली, तोंडाला रुमाल बांधला, उतरलो. थोडा वेळ खरवडलं असेल. उगाच हसू यायला लागलं, एवढंच आठवतं. शेजारच्या शेडमधल्या मामांनी आत उडी घेतली नाही, लांब आकड्याने कॉलर धरून मला वर ओढलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, “मी उतरलो असतो ना पोरा, तर दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या.”

तर पोरांनो, रुमाल आणि धुळीचा मास्क वाफ अडवत नाहीत. टाकी थंड करा, ब्लोअरने तळातली हवा बाहेर काढा, गॅस तपासून घ्या. उतरणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि कमरेला दोर हवा, दुसरं टोक धरणारा बाहेरच थांबला पाहिजे. जवळ वेल्डिंग नको. त्या उष्णतेत वाफेचा फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. काम संपल्यावर टीसीईनेच हात धुऊ नका. मी धुवायचो, बोटं भेगाळायची.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी 2012 मध्ये टीसीईला माणसात कर्करोग करणारं ठरवलं, मूत्रपिंडाचा मुख्यतः. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये बंदीचा नियम जारी केला. गरम अल्कलीच्या पाण्यानेही पुष्कळ जॉब स्वच्छ निघतात. मालक म्हणायचे, वाळायला वेळ लागतो. लागतो, खरं आहे.

त्या दिवशीचा गाळ दुसऱ्याच पोराने काढला, माझ्यासारखाच रुमाल बांधून. शेडमागच्या मातीत आम्ही तो ओतला. टीसीई पाण्यापेक्षाही जड, मुरत खाली जातं. मागच्या गल्लीत एक बोअर होती. उन्हाळ्यात आम्ही तिथूनच हंडा भरायचो.