अभ्यासपाठ : विडी सोडली, पण सुटलेली राहील का?

सास्तूरच्या एका मामांनी विडी तीन वेळा सोडली. गावबैठकीत त्यांनीच हे हसत हसत सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये रात्री झोप येत नसे, तेव्हा विडी लागली. सोडली की पहिले चार दिवस डोके दुखे, घरच्यांवर चिडचिड होई. तरी तेवढे दिवस ते काढीत. मोडले ते नंतर. एकदा भावकीतल्या मयतीला. दुसऱ्यांदा ऊसतोडीच्या फडात, पहाटेच्या थंडीत टोळीतल्या एकाने पेटवलेली विडी पुढे केली तेव्हा.

कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घ्यावे. निकोटिनसाठी शरीर कासावीस होते ते पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त; साधारण दोन ते चार आठवड्यांत ते ओसरते. सवय मात्र जागांना आणि माणसांना चिकटलेली असते. जेवणानंतर, टपरीवर, बांधावर बसल्यावर सहा महिन्यांनीही तलफ येते. ती काही मिनिटांत जातेही. तेवढा वेळ उठून चालावे, पाणी प्यावे, तोंडात बडीशेप धरावी. खिशात काडीपेटी ठेवू नये. (हे क्षुल्लक वाटते, पण करून पाहा.)

दुसरा धोका म्हणजे विडीऐवजी तंबाखू-चुना. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू घेणारे आढळले. म्हणजे पुडी पुढे करणारा माणूस जास्त लवकर भेटतो. निकोटिन दोन्हींत तेच, आणि चघळण्याने तोंडाचा कर्करोग होतो. म्हणूनच गडचिरोलीत २०१६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ कामात एकट्या माणसाला उपदेश करून न थांबता गावातली विक्री बंद करण्यासाठी बायका-पुरुषांना एकत्र आणले गेले.

घसरलेल्या माणसाला आपण फार लवकर नावे ठेवतो. एक विडी ओढली गेली, तर बंडल विकत घ्यायचे नाही, एवढेच त्या दिवशी सांभाळावे. बोलायला कोणी नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर सल्ला मिळतो.

तिसऱ्यांदा सोडताना मामांनी टोळीला आधीच सांगून ठेवले, “मी मागितली तरी देऊ नका.” त्याला आता अकरा महिने झाले. टपरीसमोरून जाताना ते अजून रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

चर्चेसाठी : आपल्या वस्तीवर पाहुणा आला की चहाबरोबर त्याच्यापुढे काय केले जाते? आणि त्याने नको म्हटले, तर आपण काय म्हणतो?